दहा बाय वीसचा बोर्ड उघडला की कॉम्प्युटर का झोपतो? फोटोशॉप, रॅम आणि 'स्क्रॅच डिस्क फुल'चं गणित

जानेवारी लागला की सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेची हवा सुरू होते. संक्रांतीच्या आसपास सिद्धेश्वरांची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अक्षता सोहळ्याला गर्दी लोटते. आणि या सगळ्याच्या आधी चौकाचौकात डिजिटल बोर्ड उभे राहतात. यात्रा संपते तोवर लग्नसराई, मग एप्रिलमध्ये आंबेडकर जयंती, आणि वाढदिवस तर बारा महिने. म्हणजे बोर्ड आणि लग्नाचे अल्बम बनवणाऱ्यांना उसंत नाही.

ही कामं होतात कुठे? बहुतेक वेळा एका छोट्या दुकानात, एका कॉम्प्युटरवर. 8 जीबी रॅम, एक जुनी हार्ड डिस्क. समोर फोटोशॉप, मागे कोरलड्रॉ, त्याच्या मागे गाणी लावलेला यूट्यूब आणि गिऱ्हाइकाचे फोटो यायचे म्हणून व्हॉट्सॲप वेब.

रात्री फाईल प्रिंटिंगला द्यायची असते. शेवटचा एक फोटो टाकायचा राहिलेला असतो. तेवढ्यात स्क्रीनवर चौकट येते, 'स्क्रॅच डिस्क फुल' आहे, त्यामुळे हे काम पूर्ण करता येत नाही. ओके दाबलं की चौकट जाते, पण फाईल सेव्ह करायला गेलं की पुन्हा तीच. तीन-चार तासांचं काम डोळ्यांसमोर असतं आणि ते बाहेर काढता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मिळणारा सल्ला ठरलेला असतो, "रॅम वाढव." आता विषय असा आहे की 2025 च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटर्सनी मेमरी चिप्सची मागणी इतकी वाढवली की साध्या कॉम्प्युटरची रॅमही चांगलीच महागली. त्यामुळे पैसे टाकायच्या आधी एक गोष्ट तपासायला हवी. खरंच रॅम कमी पडतेय, की फाईलच उगाच मोठी बनवली आहे?

5 एमबीचा फोटो 72 एमबी का खातो?

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. फोल्डरमध्ये फोटोची साइझ 5 एमबी दिसते, म्हणजे तो मेमरीत 5 एमबी जागा घेत असेल असं वाटतं. तसं होत नाही.

जेपीजी म्हणजे दाबून घडी घातलेलं कापड. फोटोशॉपला त्यावर काम करायचं तर घडी पूर्ण उलगडावी लागते. उलगडल्यावर प्रत्येक पिक्सेलची नोंद वेगळी ठेवावी लागते. लाल, हिरवा, निळा असे तीन रंग, आणि साध्या 8 बिटच्या फोटोत प्रत्येक रंगाला 1 बाइट. म्हणजे एका पिक्सेलला 3 बाइट. 24 मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याचा फोटो असेल तर 2 कोटी 40 लाख पिक्सेल गुणिले 3, झाले 7 कोटी 20 लाख बाइट. म्हणजे 72 एमबी. तोच फोटो 16 बिटमध्ये उघडला की 144. प्रिंटसाठी सीएमवायके केला की रंग चार होतात, म्हणजे 8 बिटमध्ये 96.

आणि हा फक्त एक लेअर झाला.

हे गणित सोलापूरला खरं तर नवीन नाही. जीआय मानांकन मिळालेली सोलापुरी चादर जॅकार्डवर विणली जाते. फ्रान्समध्ये जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास आणलेल्या या यंत्रणेत नक्षी भोकं पाडलेल्या कार्डांवर साठवलेली असायची. भोक असेल तर उभा धागा वर उचलायचा, नसेल तर नाही. एका आडव्या धाग्याला एक कार्ड. नक्षी जितकी लांब आणि बारीक, तितकी कार्डांची माळ लांब. म्हणून कारागीर नक्षीचा एक तुकडा बनवून तोच पुन्हा पुन्हा फिरवतो, चादरभर वेगळी नक्षी काढत बसत नाही. कॉम्प्युटरचा पूर्वज म्हणून ज्या यंत्राचं नाव घेतलं जातं, त्यासाठी चार्ल्स बॅबेजने पंच कार्डांची कल्पना जॅकार्डवरूनच उचलली होती. किती बारकावा हवा हे आधी ठरवायचं आणि मग तेवढीच कार्डं पाडायची, ही सवय मागावर आहे. बोर्डाच्या दुकानात मात्र ती हरवते.

300 डीपीआयचा हट्ट

आता तो दहा बाय वीस फुटांचा बोर्ड घेऊ. नवीन फाईल उघडताना रेझोल्यूशनच्या रकान्यात 300 टाकायची सवय अनेकांना क्लासमध्येच लागते. 'प्रिंटचं काम म्हणजे 300' हे वाक्य पाठच असतं.

10 फूट म्हणजे 120 इंच, गुणिले 300, झाले 36,000 पिक्सेल. 20 फूट म्हणजे 72,000. दोन्हींचा गुणाकार 259 कोटी पिक्सेल. सीएमवायकेचे 4 बाइट धरले तर एक भरलेला लेअर 10 जीबीच्या वर जातो. मशीनमध्ये रॅमच 8 जीबी आहे.

हाच बोर्ड 72 वर केला तर? 8,640 गुणिले 17,280, म्हणजे साधारण 15 कोटी पिक्सेल आणि 600 एमबीच्या आत एक लेअर. 300 आणि 72 मध्ये आकडा चौपटीने वेगळा दिसतो, पण लांबी आणि रुंदी दोन्ही वाढत असल्याने मेमरीचा फरक सतरा पट पडतो. नेमकी हीच गोष्ट लक्षात येत नाही.

शिवाय फोटोशॉपची नेहमीची पीएसडी फाईल एका बाजूला 30,000 पिक्सेलपर्यंत आणि 2 जीबीपर्यंतच चालते. त्यापुढे पीएसबी नावाचा मोठा फॉरमॅट वापरावा लागतो, तो 3 लाख पिक्सेलपर्यंत जातो. 300 डीपीआयचा दहा बाय वीस बोर्ड पीएसडीमध्ये मावतच नाही.

मग 72 वर बोर्ड फाटणार नाही का? हा प्रश्न गिऱ्हाईकही विचारतं आणि शिकाऊ पोरंही. याचं उत्तर डोळ्यात आहे. चांगल्या नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाइतका फरक ओळखू शकतो. एक फुटावरून वाचायच्या कागदावर याचा हिशेब केला तर इंचाला 286 ठिपके येतात. 300 चा आकडा हातात धरून बघायच्या वस्तूसाठी योग्य का आहे, ते इथे कळतं. पण चौकातला बोर्ड 20 फुटांवरून बघितला जातो. तिथे हाच हिशेब इंचाला 14-15 ठिपक्यांवर येतो. म्हणजे 72 हा सुद्धा गरजेपेक्षा बराच जास्त आहे.

म्हणून अनेक अनुभवी डिझायनर मोठा बोर्ड एक दशांश मापात बनवतात. 12 बाय 24 इंचाची फाईल, 300 डीपीआय. प्रिंटिंगवाला ती दहापट करतो, तेव्हा ती 30 डीपीआयची होते. मेमरीत एक लेअर साधारण 104 एमबीचा. कुठे 10 जीबी आणि कुठे 104 एमबी! अर्थात मंडपाच्या दारात, जिथे लोक बोर्डाला टेकून सेल्फी काढतात, तिथे 72 ठेवलेलं बरं. आणि अशी फाईल देताना 'दहापट करायची' हे प्रिंटिंगवाल्याला स्पष्ट सांगावं, नाहीतर दारावर चिकटवायचं स्टिकर हातात पडतं.

यात व्हॉट्सॲपवरून आलेल्या फोटोंची एक वेगळीच गंमत आहे. साधा पाठवलेला फोटो व्हॉट्सॲप छोटा करून देतं, लांब बाजू साधारण 1600 पिक्सेलच्या आसपास. मेमरीत तो 6 एमबीसुद्धा भरत नाही. तोच 300 डीपीआयच्या बोर्डावर 5 फूट रुंद ताणला की 18,000 बाय 13,500 पिक्सेल होतात आणि जागा लागते 729 एमबी. फोटोत नवा तपशील एक कणही आलेला नसतो. चेहरा तितकाच धुरकट, मेमरी मात्र सव्वाशे पट. साहेबांचा फोटो 'डॉक्युमेंट म्हणून पाठवा' असं कार्यकर्त्याला सांगणं हा यावरचा खरा इलाज आहे.

ओटा आणि माळा

रॅम संपली की नेमकं काय होतं?

स्वयंपाकघरातला ओटा म्हणजे रॅम समजा. हाताशी लागणारं सगळं ओट्यावर. जागा संपली की काही भांडी माळ्यावर टाकावी लागतात, आणि ती परत हवी असली की शिडी लावायची. फोटोशॉपचा हा माळा म्हणजे 'स्क्रॅच डिस्क'. रॅममध्ये न मावणारा भाग फोटोशॉप डिस्कवर तात्पुरत्या फाईलमध्ये ठेवतं. रॅम सेकंदाला कित्येक जीबी माहिती हलवू शकते, साधी सॅटा एसएसडी 500 एमबीच्या आसपास, आणि फिरणारी जुनी हार्ड डिस्क 100-150 एमबी. ब्रश मारल्यावर रेष मागून येते ती या शिडीच्या चढ-उतारामुळे.

आणि माळासुद्धा भरला, की येते ती चौकट.

म्हणजे 'स्क्रॅच डिस्क फुल' या मेसेजचा थेट अर्थ रॅम कमी असा नाहीच. डिस्कवर मोकळी जागा संपली, असा तो आहे. फोटोशॉप सुरुवातीला स्क्रॅचसाठी विंडोज असलेला ड्राइव्ह वापरतं, म्हणजे आपला सी ड्राइव्ह. तिथे विंडोज, सगळी सॉफ्टवेअर, डेस्कटॉपवर टाकलेले दोन वर्षांचे लग्नाचे फोटो आणि डाउनलोडचा डोंगर. मोकळी जागा 6 जीबी. मग फोटोशॉप ओरडणारच.

उपाय सोपा आहे. कंट्रोल आणि के दाबलं की प्रेफरन्सेस उघडतं. त्यात 'स्क्रॅच डिस्क्स'मध्ये जाऊन भरपूर जागा असलेला ड्राइव्ह निवडायचा आणि फोटोशॉप बंद करून पुन्हा सुरू करायचं. जागा भरल्यामुळे फोटोशॉप सुरूच होत नसेल, तर ते उघडताना कंट्रोल आणि ऑल्ट दाबून धरायचं. स्क्रॅच डिस्क बदलायची खिडकी आधी येते.

इथे एक बारीक मुद्दा आहे. एकाच हार्ड डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग केले असतील, तर डी निवडल्याने जागा मिळते, वेग मिळत नाही. कारण आत फिरणारी चकती एकच आहे. वेग हवा असेल तर वेगळी एसएसडी लागते. पेन ड्राइव्हला तर स्क्रॅच डिस्क करूच नये.

फोटोशॉप मधेच क्रॅश झालं किंवा लाइट गेली, तर त्या तात्पुरत्या फाईल तशाच पडून राहू शकतात. विंडोजच्या टेम्प फोल्डरमध्ये 'फोटोशॉप टेम्प' अशा नावाच्या कित्येक जीबीच्या फाईल सापडल्या तर दचकू नये. फोटोशॉप बंद असताना त्या उडवता येतात.

70 टक्क्यांचं काय?

प्रेफरन्सेसमध्येच 'परफॉर्मन्स' नावाचं पान आहे. तिथे फोटोशॉपला किती रॅम वापरू द्यायची ते ठरतं. कंपनीने ठेवलेला आकडा 70 टक्के. तो ओढून 100 करा, असं सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. तो सल्ला वाईट आहे.

विंडोजलाही रॅम लागते, ब्राउझरला लागते, बाजूला कोरलड्रॉ उघडं आहे. फोटोशॉपने सगळं बळकावलं की विंडोज स्वतःचा पसारा डिस्कवर टाकायला लागतं. एकाच डिस्कवर विंडोजचीही शिडी आणि फोटोशॉपचीही शिडी. मशीन आधीपेक्षा मंद होतं. फक्त फोटोशॉप चालवायचं असेल तर 75, 80 करून बघावं, 85 च्या पुढे जाऊ नये. एकावेळी थोडं वाढवायचं आणि रिस्टार्ट करून काम करून बघायचं.

त्याच पानावर 'हिस्टरी स्टेट्स' असतं. नव्या आवृत्त्यांमध्ये 50, म्हणजे 50 पावलं मागे जाता येतं. ही मागे जायची सोय फुकट नाही. फोटोशॉप चित्राचे छोटे चौकोनी तुकडे करून ठेवतं आणि बदललेल्या तुकड्यांची जुनी प्रत सांभाळतं. गालावरचा एक डाग काढला तर दोन-चार तुकडे. पूर्ण बोर्डावर ब्लर मारला तर सगळेच तुकडे, म्हणजे जवळपास त्या लेअरएवढी आणखी एक प्रत. असं दहा वेळा केलं की हिशेब कुठे जातो ते वर आलंच आहे. मोठ्या बोर्डाला हा आकडा 20 केला तरी काम अडत नाही.

अडचणीच्या वेळी एडिट मेनूत 'पर्ज' आहे. 'पर्ज ऑल' केलं की हिस्टरी आणि क्लिपबोर्ड रिकामे होतात, मेमरी मोकळी होते. पण त्यानंतर अनडू नाही. रात्री सेव्ह होत नसेल तर पहिली गोष्ट हीच करून बघावी. दुसरी, सी ड्राइव्हवरची नको असलेली एखादी मोठी फाईल उडवून रिसायकल बिन रिकामा करणं. फोटोशॉप बंद न करता.

आणि हो, डेस्कटॉपवर राइट क्लिक करून दहा वेळा 'रिफ्रेश' मारल्याने रॅमचा एक बाइटही मोकळा होत नाही. त्याने फक्त आयकॉन पुन्हा रंगवले जातात. मनाला बरं वाटतं, तेवढंच.

अल्बमवाल्यांचं दुखणं वेगळं

लग्नाचा अल्बम हातात घेऊन बघतात, त्यामुळे तिथे 300 डीपीआय सोडता येत नाही. 12 बाय 36 इंचाचं एक शीट म्हणजे जवळपास 3 कोटी 89 लाख पिक्सेल, आरजीबीमध्ये 117 एमबी. हे फार नाही. पण 20 शीट एकदम उघडून ठेवली की नुसते पाठीमागचे लेअरच 2.3 जीबीच्या पुढे. त्यात प्रत्येक शीटवर आठ-दहा फोटो, त्यातले काही 'स्मार्ट ऑब्जेक्ट' करून टाकलेले. स्मार्ट ऑब्जेक्ट मूळ फोटो पूर्ण आकारात पोटात ठेवतो. शीटवर तो तीन इंचाचा दिसत असला तरी आत 24 मेगापिक्सेलच असतात. आकार पुन्हा बदलायचा असेल तोवर ही सोय चांगली, फोटो पक्का झाला की रास्टराइझ करून टाकावा.

एका वेळी दोन शीट उघडी ठेवणं, ही कंटाळवाणी पण सगळ्यात कामाची सवय. खिडकीच्या तळाशी 'डॉक्युमेंट साइझेस'मध्ये दोन आकडे दिसतात. डावीकडचा सगळे लेअर एकत्र केल्यावरचा, उजवीकडचा लेअर्ससकट. उजवा आकडा डाव्याच्या दहा-पंधरा पट झाला असेल, तर खाली दडलेले, डोळा बंद केलेले जुने लेअर शोधायची वेळ झाली.

फाईल बंद केल्यावरही टास्क मॅनेजरमध्ये फोटोशॉपची मेमरी कमी होत नाही, म्हणून काहीजण घाबरतात. तो बिघाड नाही. एकदा घेतलेली रॅम पुढच्या फाईलसाठी फोटोशॉप धरून ठेवतं, बंद केल्यावरच सोडतं.

मोफत असलेलं गिंप वापरणाऱ्यांनाही हेच गणित लागू आहे. तिथे प्रेफरन्सेसमधल्या 'सिस्टीम रिसोर्सेस'मध्ये टाइल कॅशचा आकडा आणि अनडूला किती मेमरी द्यायची ते ठरवता येतं.

मग रॅम घ्यायची की नाही?

हे फोटोशॉप स्वतःच सांगतं. तळाच्या त्याच पट्टीवर बाणावर क्लिक करून 'एफिशिएन्सी' निवडायचं. 100 टक्के दिसत असेल तर सगळं काम रॅममध्ये मावतंय. आकडा खाली आला की शिडीची ये-जा सुरू झाली. योग्य मापात बनवलेल्या, रोजच्या सगळ्यात जड फाईलवर तासभर काम करून हा आकडा बघावा. 95 च्या वरच राहत असेल तर नवी रॅम घालून फार फरक पडणार नाही. सारखा 70-80 वर घसरत असेल तर रॅमचा खर्च वाजवी आहे. ॲडोबी आताच्या फोटोशॉपसाठी किमान 8 जीबी मागते आणि 16 जीबीची शिफारस करते.

एक अपवाद आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या डीटीपीच्या दुकानांमध्ये भरपूर सापडतो. फोटोशॉप 7.0. 2002 साली आलेलं हे सॉफ्टवेअर अजून जीव धरून आहे, कारण ते हलकं आहे, हात बसलाय आणि श्रीलिपीसारखे मराठी फॉन्ट त्यात वर्षानुवर्षं चालत आलेत. पण ते 32 बिटचं आहे, 2 जीबीच्या पुढची रॅम त्याला वापरताच येत नाही. मशीनमध्ये 32 जीबी घातली तरी ते 2 जीबीतच खेळणार. विंडोजवर 64 बिटचं फोटोशॉप 2008 च्या सीएस4 पासून आलं.

आणखी एक घोळ उन्हाळ्यात होतो. एप्रिल-मे मध्ये सोलापूरचा पारा 42-43 च्या घरात जातो, पत्र्याच्या दुकानात त्याहून वर. कॉम्प्युटर तापला की प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सकाळी नीट चालणारी फाईल दुपारी तीनला रखडत असेल आणि एफिशिएन्सी मात्र 100 दाखवत असेल, तर दोष मेमरीचा नाही. सीपीयूच्या पंख्यात अडकलेली धूळ आधी काढावी.

घ्यायचीच ठरली, तर दुकानात जाण्याआधी कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबून टास्क मॅनेजर उघडावं. 'परफॉर्मन्स'मध्ये 'मेमरी'वर किती स्लॉट आहेत आणि त्यातले किती भरलेत ते दिसतं. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर पक्की बसवलेली असते, तिथे वाढवायला जागाच नसते. अशा मशीनला तेच पैसे टाकून एसएसडी मोठी करता येते का, ते विचारावं. 10 जीबीची फाईल 104 एमबीवर आणायला मात्र पैसे लागत नाहीत, नवीन फाईलच्या खिडकीत रेझोल्यूशनचा रकाना बदलावा लागतो.